दातांच्या एनॅमलसाठी च्युइंग गम : वाचकांचे प्रश्न

दातांचे एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण बाहेरील कवच, बळकट करणारे च्युइंग गम खरोखर तयार होऊ शकते का, आणि झाले तर ते कोणाच्या उपयोगाचे, असे विचारणारी बरीच पत्रे सीमाभागातून आली आहेत. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या वाचकांना असे गम बनवायचे आहे.

प्रश्न : गोकाकला आमचा करदंट बनवण्याचा पिढीजात व्यवसाय आहे. डिंक, गूळ आणि सुकामेवा यांच्याशी आमचा रोजचा संबंध. धाकटा भाऊ अन्नतंत्रज्ञान शिकून आला असून दातांच्या एनॅमलला बळ देणारे च्युइंग गम आपण बनवावे असे त्याचे म्हणणे आहे. आमच्याकडचा खाण्याचा डिंक वापरून आणि त्यात कॅल्शियम मिसळून असे गम होईल का? सुरुवात कुठून करावी?
— एक व्यावसायिक, गोकाक

उत्तर : खाण्याच्या डिंकापासून च्युइंग गम होणार नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. करदंटात तुपात तळून घातला जाणारा डिंक पाण्यात विरघळतो. तोंडात घोळवला की लाळेने तो फुगतो, चिकट होतो आणि काही वेळात पोटात जातो. च्युइंग गमला याच्या नेमके उलट गुण असलेला गाभा लागतो. तो लाळेत विरघळता कामा नये, तोंडातील उष्णतेने मऊ पडला पाहिजे आणि कितीही चावला तरी त्याचे तुकडे पडता कामा नयेत. पूर्वी हा गाभा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील चिकूच्या झाडाच्या चिकापासून करत असत. आपल्याकडे परसात ज्याची फळे लागतात तेच हे झाड. आता बहुतेक कंपन्या पॉलिआयसोब्युटिलीन, पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट यांसारखी खाण्याच्या दर्जाची कृत्रिम बहुवारिके (पॉलिमर), राळ आणि मेण यांचा गाभा वापरतात. तो तयार विकत मिळतो आणि लहान उद्योगाने तो विकतच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली बुद्धी आणि भांडवल गाभ्यात न अडकवता त्यात काय मिसळायचे यावर खर्च करणे शहाणपणाचे ठरेल.

आता कॅल्शियमकडे वळू. दाताचे एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि हे खनिज मुख्यतः हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक असते. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात, त्यामुळे हाड जसे स्वतःला सांधते तसे एनॅमल स्वतःला सांधू शकत नाही. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की दातावरील थरातील जंतू त्यापासून आम्ल तयार करतात, आणि तेथील सामू (pH; आम्ल वाढले की हा आकडा खाली येतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की स्फटिकांतून कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर पडू लागतात. पुढे लाळ ते आम्ल धुऊन काढते, तिच्यातील बायकार्बोनेट उरलेले आम्ल मारते आणि सामू वर आला की लाळेतलेच कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा स्फटिकांवर बसू लागतात. ही देवाणघेवाण दिवसभर चालू असते. देणे जास्त झाले की प्रथम पांढरा डाग दिसतो आणि नंतर पृष्ठभाग खचून खड्डा पडतो. भिंतीतल्या काही विटा निखळल्या असतील तर त्या परत बसवता येतात, पण भिंत कोसळल्यावर विटा आणून दिल्याने ती आपोआप उभी राहत नाही. पांढरा डाग आणि खड्डा यांत तेवढाच फरक आहे. आपले गम करू शकेल ते काम पहिल्या प्रकारचे आहे, आणि वेष्टनावर जे लिहायचे तेही या मर्यादेत राहूनच लिहावे लागेल.

यावरून ध्यानात येईल की बळकटीचे मुख्य काम गम करत नाही, लाळ करते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तोंडात मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ सुटते. चघळायला लागल्यावर ती कित्येक पटींनी वाढते, आणि अशी चघळून सुटलेली लाळ बायकार्बोनेटने अधिक समृद्ध असल्यामुळे तिचा सामूही वर जातो. म्हणून काहीही विशेष न मिसळलेले साधे साखरविरहित गमसुद्धा जेवणानंतर वीस मिनिटे चघळले तर एनॅमलच्या उपयोगी पडते. युरोपीय संघाने २०१२ मध्ये मान्य केलेल्या आरोग्यविषयक दाव्यांच्या यादीत साखरविरहित गमचा दाव्यासह समावेश केला, तेव्हा खाल्ल्या-प्यायल्यानंतर किमान वीस मिनिटे चघळण्याचीच अट त्यास जोडली होती. आपल्या गमची तुलना अशा साध्या साखरविरहित गमशी होणार आहे, गम न खाण्याशी नव्हे. नवा उद्योजक नेमका येथेच फसतो. साध्या गमपेक्षा आपले गम अधिक काय करते, हे दाखवता आले नाही तर कॅल्शियमचा खर्च केवळ जाहिरातीपुरता उरतो.

कॅल्शियम मिसळण्यातली खरी अडचण अशी आहे की ते दाताला उपयोगी पडायचे तर लाळेत विरघळलेल्या रूपात हवे. खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, गमच्या गाभ्यात भर म्हणून पूर्वापार घालतात, पण ती बहुतांशी गाभ्यातच अडकून राहते आणि चघळून झाल्यावर गमबरोबर कचऱ्यात जाते. (च्युइंग गमचे अमेरिकेतील पहिल्या पेटंटांपैकी एक १८६९ मध्ये ओहायो राज्यातील विल्यम सेंपल या दंतवैद्याने घेतले होते आणि त्यात दात साफ व्हावेत म्हणून खडू सुचवला होता. म्हणजे आपल्या भावाची कल्पना वाटते तितकी नवीन नाही.) कॅल्शियम लॅक्टेटसारखे विरघळणारे क्षार घ्यावेत तर ते चवीला खटकतात, आणि कॅल्शियम व फॉस्फेट दोन्ही विरघळलेल्या अवस्थेत एकत्र आणावेत तर ते दातापर्यंत पोहोचण्याआधीच एकमेकांशी संयोग पावून साक्याच्या रूपात खाली बसतात. या अडचणीवर सर्वांत अभ्यासलेला उपाय ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. दुधातील केसीन या प्रथिनाचे छोटे तुकडे कॅल्शियम व फॉस्फेटच्या सूक्ष्म कणांना वेढून ठेवतात, त्यांना खाली बसू देत नाहीत आणि दाताच्या पृष्ठभागाला चिकटून तेथे हळूहळू सोडतात. हा पदार्थ घातलेली गम बाजारात आली. त्याचे स्वामित्वहक्क, आयातीचा खर्च आणि परवाने यांची चौकशी आपणास आधीच करावी लागेल. शिवाय तो दुधापासून बनत असल्यामुळे दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी वेष्टनावर तसा उल्लेख हवा. दुसरा मार्ग हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या अतिसूक्ष्म कणांचा. जपानमध्ये तो टूथपेस्टमध्ये बराच वापरला जातो. तिसरा आणि सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट गमच्या दोन वेगवेगळ्या थरांत, एक गाभ्यात आणि दुसरे बाहेरील आवरणात, ठेवून त्यांची गाठ तोंडातच पाडणे. पहिला प्रयत्न आपण या तिसऱ्या मार्गाने करावा असे मला वाटते. त्यात यश मर्यादित मिळेल, पण भावाला गमच्या स्वभावाची ओळख होईल.

गोडीसाठी गूळ किंवा साखर पूर्णपणे वर्ज्य आहे. गुळाच्या धंद्यात वाढलेल्या घराला हे पचवणे कठीण जाईल याची मला कल्पना आहे. त्यांच्या जागी साखरेऐवजी वापरायचे गोड पदार्थ घ्यावेत. त्यांपैकी सॉर्बिटॉल स्वस्त असून तोंडातील जंतू ते फार सावकाश आंबवतात. झायलिटॉल महाग, पण दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू त्यापासून आम्ल बनवू शकत नाही. फिनलंडमधील तुर्कू येथे १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांमुळे झायलिटॉलकडे दंतवैद्यांचे लक्ष वळले. ते मक्याच्या बुरकुंड्यांपासून मिळवतात आणि उसाच्या चोयट्यांपासूनही मिळवता येते. चोयट्यांचे ढीग लावणारे कारखाने आपल्या जिल्ह्यात इतके असताना तो धंदा येथे का उभा राहू नये, असा प्रश्न मला नेहमी पडतो, पण त्यासाठी लागणारी हायड्रोजनीकरणाची यंत्रणा घरगुती उद्योगाच्या आवाक्यातली नाही.

स्वादाची निवड किरकोळ वाटेल, तशी ती नाही. लिंबू, संत्रे किंवा कैरीचा स्वाद खुलवण्यासाठी त्यात सायट्रिक आम्ल घालतात, आणि जे गम एनॅमल राखण्यासाठी बनवले त्यानेच तोंडाचा सामू खाली न्यावा, असे होऊ शकते. पुदिना, वेलदोडा किंवा बडीशेप निवडावी. बहुतेक गोडी व स्वाद पहिल्या काही मिनिटांत निघून जातो आणि मग माणूस गम थुंकून टाकतो, पण लाळेला तर वीस मिनिटे हवी असतात. म्हणून गोडीचा काही भाग मेणासारख्या आवरणात बंद करून उशिरा सुटेल अशी योजना करतात. याकडे दुर्लक्ष केलेले गम गुणकारी असूनही कोणी पुरेसा वेळ चघळत नाही. साठवणीचाही विचार आताच करावा. गोकाकची हवा तुलनेने कोरडी असली तरी माल खानापूर-बेळगावकडे पावसाळ्यात जाणारच, आणि सॉर्बिटॉल हवेतली ओल ओढून घेते. ओल शिरली की दोन थरांतले कॅल्शियम आणि फॉस्फेट पाकिटातच एकमेकांना भेटतील.

राहिला कायदा. गम हा खाद्यपदार्थ म्हणून विकायचा तर भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना लागेल, आणि वेष्टनावरील विधानांना २०१८ चे जाहिरात व दावेविषयक विनियम लागू होतील. ‘दातांची कीड बरी करते’ असे लिहिलेत तर आपण खाद्यपदार्थाच्या चौकटीबाहेर जाऊन औषधाच्या कायद्यात पाय टाकाल. पहिली काही वर्षे ‘साखरविरहित’ एवढेच ठळक लिहून बाजारात टिकून पाहावे. तांत्रिक मार्गदर्शनासाठी म्हैसूरची केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, आणि दातांवरील चाचण्यांसाठी बेळगावातच के.एल.ई. आणि मराठा मंडळ यांची दंतवैद्यकीय महाविद्यालये आहेत. यंत्रे घेण्यापूर्वी भावाने या ठिकाणी जाऊन यावे.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या मुलींनी अंड्याच्या अर्ध्या कवचाला टूथपेस्ट लावून ते व्हिनेगरमध्ये ठेवण्याचा प्रयोग केला होता. एनॅमल बळकट करणाऱ्या च्युइंग गमसाठी असाच प्रयोग करता येईल का? संशोधक हे प्रत्यक्षात कसे तपासतात?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : अंड्याचे कवच हे कॅल्शियम कार्बोनेट असते आणि एनॅमल हायड्रॉक्सिॲपेटाइट, त्यामुळे या प्रयोगात आम्लाने खनिज विरघळते एवढेच दिसते. गेलेले खनिज परत बसते हे त्यातून दाखवता येत नाही, आणि आपला प्रश्न तर त्याविषयीच आहे. त्याऐवजी मुलींनी सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या आणाव्यात, जेवणाआधीच्या तासाला लाळेचा सामू मोजावा, मग साखरविरहित गम चघळताना दर पाच मिनिटांनी तो मोजून आलेख काढावा. चघळताना सामू वर गेलेला दिसेल. त्याच वेळी मोजपट्टी असलेल्या लहान पेल्यात पाच मिनिटांची लाळ गोळा करून चघळण्याआधीचे आणि चघळतानाचे प्रमाण ताडून पाहावे. मुली नाके मुरडतील, पण हा आकडा आलेखापेक्षा अधिक बोलका असतो. गूळ खाल्ल्यावर लाळेच्या पट्टीवर फारशी घसरण दिसली नाही तर प्रयोग फसला असे समजू नये. आम्ल दातावर चिकटलेल्या थरात तयार होते आणि वरून वाहणाऱ्या लाळेत ते तितके उमटत नाही. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात साखरेनंतरची सामूची जी प्रसिद्ध वक्ररेषा काढली, ती त्या थरातील सामू मोजून काढली होती. त्या रेषेत सामू काही मिनिटांत खाली जातो आणि वर यायला अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो.

संशोधकांची पद्धत तीन पायऱ्यांची आहे. प्रथम काढून टाकलेल्या दातांच्या चकत्यांवर प्रयोगशाळेत आम्लाने मुद्दाम पांढरा डाग तयार करतात. त्यानंतर अशा चकत्या बसवलेली टाळूवरची कवळी स्वयंसेवकांना काही दिवस घालायला देतात, आणि ते गम चघळत असताना त्यांच्याच तोंडातील लाळेने त्या डागात किती खनिज परत आले, हे चकतीचा पातळ काप काढून क्ष-किरणांनी मोजतात. रेनॉल्ड्स यांच्या गटाने अशाच पद्धतीने काम केले असून दिवसातून चार वेळा वीस-वीस मिनिटे, असे चौदा दिवस गम चघळायला दिले होते. केसीनयुक्त गमने साध्या साखरविरहित गमपेक्षा जास्त खनिज परत आणल्याचे त्यांना आढळले. तिसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष माणसांच्या दातांवरची दीर्घ चाचणी. मेलबर्नमध्ये २,७२० किशोरवयीन मुलामुलींवर दोन वर्षे चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला केसीनयुक्त गम आणि दुसऱ्याला तेच, फक्त केसीनविरहित गम दिले होते. पहिल्या गटात दातांच्या बाजूंवरील कीड पुढे सरकण्याची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी कमी आढळली. हा आकडा लहान वाटेल. परंतु तो साध्या गमच्या लाभावर मिळालेला वरचा लाभ आहे, हे वर्गात आवर्जून सांगावे. तुलना कशाशी केली हे न विचारता टक्केवारी स्वीकारण्याची सवय मुलांना शाळेतच मोडली पाहिजे. आपल्या देशात माणसांवर अशी चाचणी करायची तर नैतिकता समितीची मान्यता आणि चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद आवश्यक असते, म्हणून शाळेतील प्रयोग लाळेच्या सामूपाशीच थांबवावा.

प्रश्न : आमचे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. चुना-तंबाखू आणि सुपारीची जुनी सवय त्यांनी सोडली, पण आता दिवसभर साखरविरहित गम चघळतात. दात झिजलेले आहेत, तोंड कोरडे पडते असेही म्हणतात. गमने झिजलेले दात भरून येतील का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : वडिलांनी सवय सोडली याबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन. झिजून गेलेले एनॅमल कोणत्याही गमने परत येणार नाही. उरलेल्या एनॅमलचे रक्षण मात्र होऊ शकेल, कारण लाळग्रंथी काम करत असतील तर चघळल्याने कोरड कमी होते. कोरड रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्यांमुळे आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.

आपल्या पत्रात न विचारलेली एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कमी होत जाते, आणि तंबाखूमुळे पांढरे चट्टे उठू शकतात. वडिलांच्या तोंडात त्यांची तीन बोटे उभी मावत नसतील, तिखटाने आग होत असेल किंवा चट्टा दिसत असेल, तर गम बाजूला ठेवून आधी दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे. सर्व ठीक असेल तर जेवणानंतर वीस मिनिटे, दिवसातून तीनचार वेळा, एवढे पुरे. दिवसभर चघळल्याने जबड्याचा सांधा दुखू लागतो आणि सॉर्बिटॉलने पोट ढिले होते. घरात कुत्रा असल्यास झायलिटॉलचे गम त्याच्या तोंडी लागू देऊ नये, कारण कुत्र्यांना ते विषारी आहे.

प्रश्न : आम्ही अथणी तालुक्यात राहतो आणि बोअरचे पाणी पितो. माझ्या सात वर्षांच्या मुलाचे पुढचे नवे दात आले तेच पांढुरक्या, खडूसारख्या पट्ट्यांचे. एनॅमल मजबूत करणारे गम दिले तर डाग जातील का?
— एक माता, अथणी

उत्तर : ताई, आपण वर्णन केलेले डाग किडीचे वाटत नाहीत. किडीचा पांढरा डाग बहुधा हिरडीलगत, जेथे ब्रश नीट पोहोचत नाही तेथे असतो. दात वर येतानाच त्यावर आडव्या पट्ट्या असणे आणि दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर त्या सारख्या दिसणे, हे पाण्यातील जादा फ्लोराइडचे लक्षण असू शकते. एनॅमल जबड्यात घडत असतानाच हा दोष निर्माण होतो, म्हणून गम किंवा टूथपेस्ट त्यावर उपाय ठरत नाही. डागांसाठी काय करायचे हे मुलाचे कायमचे दात पूर्ण आल्यावर दंतवैद्याच्या सल्ल्याने ठरवता येईल आणि त्याची घाई नाही.

घाई पाण्याची आहे, कारण मागच्या दाढांचे एनॅमल अजून घडते आहे, आणि धाकटी भावंडे असतील तर त्यांचे तर बहुतेक दात घडायचे आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह मानले जाते, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. ग्रामपंचायतीमार्फत बोअरच्या पाण्याचा नमुना तपासणीसाठी पाठवावा आणि अहवालात फ्लोराइडचा आकडा वेगळा मागून घ्यावा. पाणी उकळून हे प्रमाण कमी होत नाही; वाफ गेल्याने उलट थोडे वाढते. आकडा जास्त आला तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी नदीचे नळपाणी किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे, आणि धुण्याभांड्यांसाठी बोअरचे चालू ठेवले तरी हरकत नाही.